येसबाची पायरी

तुळजापुरात ज्या लॉजवर मी उतरलो होतो, त्याच्या जिन्यात एक पाटी लावलेली होती : ‘येथील नियम मालकांच्या मर्जीनुसार केव्हाही बदलतील.’ दिवाणी न्यायालयाच्या कचेरीत उभी हयात काढलेल्या माणसाने असली पाटी वाचून गप्प बसणे अशक्य होते. मी व्यवस्थापकाला बोलावून घेतले आणि मर्जीनुसार बदलतो त्याला नियम म्हणत नाहीत, लहर म्हणतात, हे शक्य तितक्या संयमाने, म्हणजे वरच्या मजल्यावरही ऐकू जाईल अशा आवाजात, समजावून सांगितले. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले.

“काका, पाटी लावली ते मालक वारले,” तो म्हणाला. “आता बदलायचं म्हनलं तरी मर्जी कुनाची आनायची?”

मी पिशवी उचलली आणि बसस्थानकाकडे चालू लागलो.

देवीचे दर्शन आदल्या दिवशी झाले होते. कुलधर्म पार पडला होता. आता मी निघालो होतो वाशीकडे, आणि त्याला कारण माझेच एक पत्र. आमच्या साताऱ्यात सणासुदीला कर्णे लावून जो उच्छाद मांडला जातो, त्याविरुद्ध मी वृत्तपत्रात लिहिले होते आणि त्यात कोणत्याही धर्माला सूट दिली नव्हती. परिणामी सर्व धर्मांच्या लोकांनी मला सारख्याच आपुलकीने शिव्या दिल्या. एकच पत्र निराळे आले. वाशी तालुक्यातल्या एका खेड्यातले निवृत्त शिक्षक याकोब सर यांनी लिहिले होते की, आमच्या मंडळीचा (ख्रिस्ती उपासकांच्या समूहाला तिकडे मंडळी म्हणतात) वार्षिक कार्यक्रम कर्ण्याशिवाय होतो. नाताळानंतरच्या शनिवारी येऊन पाहावे. शेवटी एक ओळ होती : ‘अध्यक्षपद रिकामे आहे.’ अशा निमंत्रणाला नकार देण्याइतका विरक्त मी अजून झालेलो नाही.

धाराशिव मागे पडले आणि येरमाळ्याच्या पुढे बालाघाटाच्या टेकड्यांवर पवनचक्क्या दिसू लागल्या. खाली काळ्या रानात ज्वारी पोटऱ्यांतून बाहेर पडून दाण्यावर आलेली. काही शेतांच्या बांधावर धूर निघत होता. शेजारच्या बाईंनी खिडकीबाहेर बोट दाखवून सांगितले की, ती आगटी (हुरडा भाजण्यासाठी गोवऱ्या पेटवलेला खड्डा) आहे, आणि या दिवसांत बसने जाणारा माणूस करंटा समजावा. शहाण्याने रानातून चालत जावे, प्रत्येक बांधावर पोट भरते. हिवाळ्याचे ऊन खिडकीतून मांडीवर येऊन बसले होते. मी बऱ्याच वेळात कशावरही चिडलो नव्हतो, हे माझ्या जरा उशिराच लक्षात आले.

वाशीच्या स्थानकावर एक गृहस्थ माझ्याकडे टक लावून पाहत उभे होते. मी पाहिल्यावर पुढे आले.

“कुनाला शोधायलाव? तुमीच का ते पत्रवाले काका?”

हे रशीदभाई. भूमच्या बाजूचा खवा गावोगाव पोचवण्याचा त्यांचा धंदा, आणि मंडळीच्या कार्यक्रमात पेटी वाजवण्याचा त्यांचा वारसा. त्यांचे वडीलही तिथे पेटीवर असत. त्यांच्या टेम्पोत पुढे मी, मागे खव्याचे डबे आणि चादरीत गुंडाळलेली पेटी, असे आम्ही निघालो. वाटेत त्यांनी मला अध्यक्षपदाची जबाबदारी समजावून दिली. गेल्या वर्षीचे अध्यक्ष मध्येच खुर्चीत झोपी गेले, तेव्हा त्यांच्या अंगावर चादर घालून कार्यक्रम तसाच पुढे चालवला होता. “लई शांत मानूस,” रशीदभाई म्हणाले. “तुमचं तसं न्हाय दिसत.”

गावाचे नाव मी लिहीत नाही; लिहिण्याची परवानगी घ्यायची राहून गेली. देऊळ (इकडचे ख्रिस्ती लोक आपल्या प्रार्थनामंदिराला देऊळच म्हणतात) लहानसे आहे. दगडी जोते, पत्र्याचे छप्पर, लिंबाच्या फांदीला टांगलेली घंटा. समोर सारवलेले प्रशस्त अंगण. दाराशी एकच रुंद पायरी, आणि त्या पायरीवर एक वृद्ध बाई सुपात तूर निवडत बसलेल्या. मी आत जाऊन पाहू का, असे विचारले.

“जावा की. तुमाला कुनी आडीवलंय?” त्या म्हणाल्या. “बंदी मला हाय.”

एखाद्याने आपल्याला गोड वर्ज्य आहे असे सांगावे, त्या सुरात त्यांनी हे सांगितले. मी पिशवी खाली ठेवली. कोणाची बंदी? कोणत्या अधिकाराने? त्यांनी सुपातला खडा वेचून दूर फेकला आणि म्हणाल्या, “सरांच्या घरी जावा, भाकरी खावा. मंग इचारा. उपाशी मानसानं भांडू न्हाय.”

त्या सगुणाआक्का. याकोब सरांच्या घरी ज्वारीची भाकरी, येसर आमटी (भाजलेल्या धान्याडाळींच्या पिठाची, झणझणीत) आणि दह्याबरोबर धपाटी, असे जेवण पुढे असतानाही माझे लक्ष त्या पायरीवरच होते. मग सरांनी जे सांगितले तेच संध्याकाळच्या कार्यक्रमाचे कथानक होते, म्हणून ते येथे थोडक्यात देतो.

येसबा हे सगुणाआक्कांचे आजोबा. निजामाच्या अमलात गावकीच्या कामाला बांधलेला हलगीवादक. गावातल्या काही घरांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा पहिल्यांदा हलग्या खाली ठेवल्या. त्यांचे म्हणणे मला समजू शकते. ज्या वाद्याने आपल्याला दुसऱ्यांच्या मिरवणुकीपुढे आणि दुसऱ्यांच्या मयतापुढे बिनमोबदला नाचवले, त्याचा आवाज देवासमोर नको, असा त्यांचा ठराव झाला. येसबाने तो मानला नाही. वेठ माझ्या हाताला होती, हलगीला नव्हती, असे तो म्हणे. हात सुटले तर तीही सुटली पाहिजे. एका नाताळाला तो हलगी घेऊन देवळात शिरला आणि वाजवू लागला. पुढच्या रविवारी तो भूमच्या बाजाराला गेलेला असताना मंडळीची सभा भरली आणि सर्वांनी हात वर करून त्याला बाहेर काढले.

“तो हजर नसताना?” मी विचारले.

“नसताना.”

“त्याचे म्हणणे कोणी विचारले?”

“न्हाय.”

मी हातातला घास ताटात ठेवला. दुसऱ्या बाजूचे ऐकून घेतल्याशिवाय निकाल देऊ नये, हे एवढे एक तत्त्व गेले तर कायद्याच्या सगळ्या पुस्तकांची रद्दी होते. मी बराच वेळ बोलत राहिलो असलो पाहिजे, कारण सरांच्या पत्नीने माझी थंड झालेली आमटी नेऊन पुन्हा गरम करून आणली.

येसबा दुसऱ्या देवाकडे गेला नाही आणि देवळातही परत आला नाही. तो पायरीवर बसला. मरेपर्यंत दर रविवारी हलगी मांडीवर घेऊन, न वाजवता, दाराबाहेर बसला. मग त्याचा मुलगा बसला, मग नात. प्रभुभोजनाची भाकर शेवटी दारात आणून त्यांच्या हातावर ठेवायची, असा रिवाज पडला. ज्यांनी त्याला काढले ते सर्व कधीच गेले, आणि त्यांचीच नातवंडे-पतवंडे आज नाताळाच्या आठवड्यात त्याचे चरित्र गातात. हलगीला आता कोणाचा विरोध नाही. तीन-चार पाळकांनी (पाळक म्हणजे तिकडचे धर्मगुरू) सगुणाआक्कांना आत यायची विनवणी केली. त्यांचे उत्तर ठरलेले : काढले ते सर्वांनी मिळून, बोलवायचे तर सर्वांनी मिळून बोलवा. एकट्या पाळकाच्या बोलावण्याने काय होते?

मी टाळी वाजवली. ज्याने हुकूम दिला त्यानेच तो मागे घ्यावा. बाईंनी कायद्याचा गाभा धरला होता.

पण मंडळीच्या पंचांची अडचण अशी की, ठराव तोंडी होता. जे कुठे लिहिलेलेच नाही ते मागे काय घ्यायचे, असे म्हणून ते दर वर्षी विषय पुढे ढकलत. आणि आता पुढे ढकलायला जागा उरली नव्हती. आक्कांचे गुडघे गेले होते, आणि संक्रांत झाली की मुलगा त्यांना कायमचे लातूरला नेणार होता. त्या आधी एकदा तरी आजोबांची हलगी घेऊन त्या दारातून आत जावे, एवढेच त्यांना हवे होते. मेहेरबानी म्हणून मात्र नको होते.

ऊन कलल्यावर अंगण भरले. मंडळी तर होतीच, पण सगळे गावच आले होते. बायका डाव्या अंगाला, पुरुष उजव्या. मध्ये सतरंजीवर रशीदभाई पेटी घेऊन आणि त्यांच्याशेजारी ढोलकी व झांजा. माझ्यासाठी हार, श्रीफळ आणि हातांची खुर्ची. सगुणाआक्का पायरीवर, हलगी मांडीवर. कर्णा खरोखरच नव्हता. लागतही नव्हता, याकोब सरांनी पहिले पद उचलले आणि ते पवनचक्क्यांपर्यंत गेले असेल. सरांचे वय माझ्याएवढे, पण गाताना ते विशीचे होत. ते उभे राहून कथा सांगत, आणि पदाची ओळ आली की अख्खे अंगण ती झेलून परत फेकी :

‘कातडं मुक्या जितराबाचं, हात माझा उघडा,
त्यातून बोल फुटं देवाचा, ऐका उघडून कवाडा.’

(जितराब म्हणजे गुरेढोरे.) रशीदभाईंची पेटी सरांच्या पुढे धावे, मग थांबून त्यांची थट्टा केल्यासारखी वाट पाही. येसबाच्या लग्नात त्याने स्वतःच्याच वरातीत स्वतःच हलगी वाजवली आणि नवरी पुढे निघून गेली, हा भाग आला तेव्हा बायकांच्या बाजूने असा हशा उसळला की सरांना पाणी पिऊन घ्यावे लागले. मी कधी ठेका धरला मला कळले नाही. शेजारी बसलेल्या तरुण पाळकसाहेबांनी हळूच माझ्या गळ्यातला हार सरळ केला. तो डोलून डोलून एका खांद्यावर गेला होता.

मग सभेचा प्रसंग आला. तोवर एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. त्यांच्याकडे वेगळे नट नसतात. बसलेली मंडळी हीच त्या काळची मंडळी. सरांनी विचारले, “येसबाला बाहेर काढावं, असं ज्यांचं मत असेल त्यांनी हात वर करावेत,” आणि अंगणातल्या सगळ्या ख्रिस्ती स्त्री-पुरुषांनी मान खाली घालून हात वर केले. पाळकांनीसुद्धा. म्हाताऱ्या पंचांनीसुद्धा. दर वर्षी असेच करतात, असे नंतर कळले. चरित्राशी इमान राखायचे म्हणून.

आणि समोर पायरीवर त्याची नात बसली होती.

मी उठून उभा राहिलो. हे लोक जुना ठराव कुठे लिहिलेला नाही म्हणून तो मागे घ्यायला तयार नव्हते, आणि तोच ठराव दर वर्षी नव्याने, पूर्ण हजेरीत, हात वर करून मंजूर करीत होते. इतक्या प्रेमाने इतका अन्याय होताना मी कोणत्याही कोर्टात पाहिला नव्हता. मी हे सगळे याच शब्दांत बोललो. पेटी थांबली. मी म्हणालो की, मला तुम्ही अध्यक्ष केले आहे, हार घातला आहे, तेव्हा ही सभा माझ्या अध्यक्षतेखाली आहे. सभेत ठरावाच्या बाजूची मते विचारली. विरोधातली विचारली नाहीत. ती विचारल्याशिवाय मी मतदान पूर्ण झाले असे मानणार नाही.

याकोब सर माझ्याजवळ आले आणि कुजबुजले की, साहेब, पुढचं पद त्याच्या पायरीवर बसण्याचं आहे, असं मधेच थांबलं तर सूर पडतो. मी म्हणालो, पडू द्या.

“येसबाला बाहेर काढू नये,” मी विचारले, “असे ज्यांचे मत असेल त्यांनी हात वर करावेत.”

कोणी हलले नाही. लोकांना हे पाठ नव्हते. एवढ्यात सतरंजीवरून एक हात वर गेला. रशीदभाईंचा.

“रशीदभाई, तुम्ही मंडळीचे सभासद नाही. हात खाली घ्या.”

“तीस साल झाले हितं बसतो काका,” ते म्हणाले. “पेटी तरी सभासद हाय का न्हाय?”

त्या हशात बायकांच्या बाजूने एक हात वर गेला. मग सरांच्या पत्नीचा. मग शेजारी पाळकसाहेब उभे राहिले, त्यांनी मघाशी वर केलेल्या आपल्या हाताकडे एकदा पाहिले आणि तो पुन्हा वर केला. त्यानंतर मोजण्यात अर्थ नव्हता. पंचांपैकी सर्वांत वृद्ध गृहस्थांना हात खांद्याच्या वर नेता येत नव्हता. त्यांनी काठी वर केली. ती मी ग्राह्य धरली. मी पाळकांना विचारले, मंडळीचे प्रमुख म्हणून तुम्हाला हे मतदान खरे म्हणून मान्य आहे की नाटकातले म्हणून? ते म्हणाले, “खरं म्हणून.”

सगळे पायरीकडे वळले. सगुणाआक्का तशाच बसून होत्या.

“समद्यांनी हात वर केले का?” त्यांनी विचारले.

“समद्यांनी,” सर म्हणाले.

“माजा आजा हजर न्हवता त्या टायमाला. म्या हाय.” त्या गुडघ्यावर हात रोवून उठल्या. “मंग काय बघायलाव? हलगी तापवा.”

हलगीचे कातडे थंडीत सैल पडते. ते विस्तवाशी धरून ताणावे लागते, आणि विस्तवापासून दूर नेले की थोड्याच वेळात पुन्हा उतरते. अंगणाच्या कडेला पाहुण्यांच्या हुरड्यासाठी आगटी पेटवलेली होतीच. लोकांनी तिच्यात कडबा टाकला, जाळ भडकला. आक्का हलगी फिरवत, बोटाने टिचकी मारून कानाशी नेत, पुन्हा जाळाशी धरत. एकदम तो कोरडा, टणक आवाज निघाला आणि त्या वळल्या. गार व्हायच्या आत पोचायचे म्हणून गुडघे गेलेली ती बाई अंगणातून जवळजवळ पळत निघाली. लोक बाजूला सरत होते. कोणी हात द्यायला गेले त्यांना तिने काडीने हाकलले. पायरी आली, उंबरा आला, आणि हलगी वाजतच आत गेली.

पत्र्याच्या छपराखाली हलगी काय असते, ते ज्याने ऐकले नाही त्याला सांगता येणार नाही. भिंती, पत्रा, दात, सगळे वाजत होते. आम्ही सर्व आत घुसलो. रशीदभाई पेटी डोक्यावर घेऊन आले. मी नाचलो, असे सरांचे म्हणणे आहे. मी ते नाकारतही नाही आणि कबूलही करत नाही.

नंतर हुरडा खाताना मी कागद मागितला. आजचा ठराव रीतसर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात, म्हणजे पुढे कोणाला शंका नको. आक्कांनी माझ्या ओंजळीत गरम दाणे ओतले आणि कागदाला जागा ठेवली नाही. “लिवता कशापायी? समद्यांनी हात बघितले की.” याकोब सरांना वेगळीच चिंता होती. चरित्राचा शेवटच बदलल्यामुळे पायरीवरची सगळी पदे नव्याने बांधावी लागणार होती, आणि त्यातले एक तर त्यांचे फार आवडते होते. त्यांनी मला जबाबदार धरले, आणि ते योग्यच होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळच्या उपासनेला मी थांबलो. आक्का नवे लुगडे नेसून आल्या, सर्वांबरोबर आत शिरल्या, पुढच्या ओळीत बसल्या. पहिल्या गीताला त्यांनी हलगीवर साथ केली. मग पाळकसाहेबांचे प्रवचन सुरू झाले, आणि ते रंगात आले असताना आक्का उठल्या, हलगी काखेत घेऊन चालत बाहेर गेल्या आणि आपल्या जुन्या जागी पायरीवर बसल्या.

माझा संताप अनावर झाला. मी मागोमाग बाहेर आलो आणि म्हणालो, आक्का, काल एवढे सगळे झाले ते कशासाठी? त्यांनी पायरीवर थोडे सरकून मला जागा करून दिली.

“आत गारठा लई हाय, दादा. हितं ऊन चांगलं पडतंय.” त्या म्हणाल्या. “काल पातुर हितं बसावं लागत हुतं. आज बसले.”

मी शेजारी बसलो. ऊन खरोखरच चांगले होते. थोड्या वेळाने वृद्ध पंच काठी टेकत बाहेर आले, मग दोन बायका आल्या, आणि प्रवचन संपेपर्यंत पायरीवर बसायला जागा उरली नाही. पाळकसाहेबांनी शेवटची प्रार्थना उंबऱ्यात उभे राहून केली, म्हणजे ती दोन्हीकडे ऐकू जावी.

दुपारी वाशीहून सोलापूरची बस मिळाली. नोकरीत असताना घरांचे ताबे मिळवलेले लोक मी खूप पाहिले. ताबा मिळाला की ते आतून कडी लावून बसत, आणि कोणी पुन्हा घेईल या धास्तीने उंबऱ्याबाहेर पडत नसत. ताबा मिळाल्यावर निवांत बाहेर येऊन उन्हाला बसलेले माणूस मला इतक्या वर्षांत हे पहिलेच दिसले. टेकड्या मागे गेल्या, पवनचक्क्या दिसेनाशा झाल्या. माझ्या तळव्यांना हुरड्याच्या धुराचा वास अजून येत होता, आणि मांडीवर बोटे आपोआप एक ठेका धरून बसली होती. समोरच्या गृहस्थांनी त्रासून माझ्याकडे दोनदा पाहिले, तरी मी ती थांबवली नाहीत.